कौल आधी, वसाहत नंतर: 'नवीन नागपूर' आणि एक विसरलेला नियम

१/ सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'नवीन नागपूर' या नियोजित नगरास मान्यता दिली. हिंगणा तालुक्यातील गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) या दोन मौजांतील सुमारे ६९२ हेक्टर जमीन, सुमारे ६,५०० कोटी रुपयांचा खर्च आणि आंतरराष्ट्रीय व्यापार व वित्त केंद्राचे स्वप्न, असा हा प्रकल्प आहे.

२/ अशी घोषणा झाली की दोन आरोळ्या ठरलेल्या असतात. एक म्हणते, 'आता आपले सिंगापूर होणार.' दुसरी म्हणते, 'हा तुघलकी कारभार आहे.' दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. मात्र साक्षीदाराचा जबाब पुरता ऐकून घेण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. तो जबाब या धाग्यात मांडला आहे.

३/ प्रतिपादन आरंभीच सांगितलेले बरे. नवे नगर वसवणे ही मुळात चूक नाही. खुद्द नागपूर हे वसवलेले नगर आहे. चूक क्रमात आहे. पूर्वी राज्यकर्त्याला माणसे हवी असत, म्हणून तो आधी सवलत देई आणि मग वसाहतीची वाट पाही. आज माणसाने आधी पैसे भरायचे, राहायला जायचे आणि मग सोयींची वाट पाहायची. वाट पाहण्याचा भार राज्यकर्त्याच्या खांद्यावरून रहिवाशाच्या खांद्यावर आला, हाच वादाचा खरा विषय आहे.

४/ आरंभ घरापासून. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२च्या सुमारास नागपूर वसवले. 'ओसाड माळावर शहर उभे केले' हे वाक्य वारंवार ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. तेथे 'राजापूर बारसा' या नावाने ओळखला जाणारा खेड्यांचा पुंजका होता. परंपरेने त्यांची संख्या बारा सांगतात. सक्करदरा, फुटाळा, लेंड्रा, सीताबर्डी ही त्यांतली नावे आजही नागपूरकरांच्या तोंडी आहेत.

५/ म्हणजे नगर कोऱ्या कागदावर उमटले नाही, नांदत्या खेड्यांना जोडून घेत वाढले. रिचर्ड जेन्किन्स याच्या १८२७च्या अहवालात बख्त बुलंदविषयी जे लिहिले आहे ते लक्षणीय आहे. त्याने हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसांना कामे दिली, ठिकठिकाणचे उद्यमी लोक त्याच्या राज्यात येऊन स्थायिक झाले आणि शेती, कारागिरी व व्यापार यांना बळ मिळाले. माणसे आली ती कामाच्या ओढीने.

६/ त्याचा वारस चांद सुलतान. त्याने राजधानी नागपुरास आणली, शहराला तट बांधला आणि ओढ्याला बांध घालून जुम्मा तलाव निर्माण केला. आज त्याला शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतात. राजधानीच्या उभारणीत पाण्याची तजवीज हे मूळ काम होते. ते 'पुढच्या टप्प्यात' ढकललेले नव्हते.

७/ भोसल्यांच्या काळात शहर विस्तारले. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही नावे वाचावीत. ती बाजाराच्या वारांची आहेत. बाजार भरू लागला, त्याच्या आधाराने कोष्टी, तेली, कासार, सावकार यांची घरे झाली आणि पेठेला नाव मिळाले. आजच्या आराखड्यात पेठ आधी रंगवली जाते आणि बाजार कधीतरी येईल असे गृहीत धरले जाते.

८/ आता 'कौल' या शब्दाकडे. मराठा काळात ओसाड गाव पुन्हा वसवायचे किंवा नवी पेठ उभारायची झाली, तर सरकार येणाऱ्या लोकांना कौल देत असे. कौल म्हणजे लेखी अभय. अमुक वर्षे जकात नाही, अमुक वर्षे घरपट्टी नाही, वेठीचा त्रास होणार नाही, अशी त्यातली कलमे असत. पुण्याच्या कित्येक पेठा अशा कौलांवर वसल्या.

९/ पेठ वसवण्याची जबाबदारी शेटे-महाजनांवर असे. व्यापारी आणून बसवणे हे त्यांचे काम. त्याबद्दल त्यांना वतन मिळे. पेठ वसली नाही तर वतनाला अर्थ उरत नसे. जो वसवणार त्याचा लाभ वसण्याशी बांधलेला होता. आज भूखंड विकला की विकणाऱ्याचे काम संपते. वस्ती झाली काय आणि न झाली काय, त्याचा पैसा वसूल झालेला असतो.

१०/ जमिनीच्या बाबतीत 'इस्तावा' होता. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याकडून पहिल्या वर्षी नाममात्र सारा घ्यायचा, पुढे दरवर्षी थोडा वाढवत न्यायचा आणि काही वर्षांनी पूर्ण दर लावायचा. नव्या जागी पाय रोवायला वेळ लागतो, त्या वेळेची किंमत राज्याने सोसायची, हे त्यामागचे तत्त्व.

११/ येथे भाबडेपणाला जागा नाही. कौल देणारे राज्य समतेचे नव्हते. पेठेत कोणी कोठे राहायचे हे जातीने ठरत असे, महारवाडा वेशीबाहेरच राही आणि वेठबिगारी कौलाच्या कागदाबाहेर चालूच असे. तो काळ परत आणावा असे कोणी म्हणत नाही. परंतु जे राज्य प्रजेला हक्क देत नव्हते, त्यालाही माणूस बोलावताना आधी काही द्यावे लागत होते. हक्क देणाऱ्या राज्याने त्याहून कमी द्यावे, हे समजण्यापलीकडचे आहे.

१२/ आता 'तुघलकी' या शिवीकडे. १३२७ मध्ये महंमद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद असे नाव देऊन दुसरी राजधानी केली. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, ही कथा बरनी आणि इब्न बतूता यांच्या वर्णनांतून रूढ झाली. इब्न बतूता दिल्लीत पोहोचला तो १३३४ मध्ये. त्याच सुमारास दिल्ली परिसरात कोरलेल्या संस्कृत शिलालेखांत नांदत्या शहराच्या खुणा आहेत. हलवले गेले ते मुख्यत्वे उमराव, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांचा परिवार, असे आधुनिक इतिहासकार मानतात.

१३/ सुलतानाने वाटेवर सोयी केल्या, प्रवासखर्च दिला, नव्या जागी घरांची व्यवस्था केली. जागाही वाईट नव्हती. देवगिरी ही यादवांची जुनी, नांदती राजधानी होती. मग फसले कोठे? संमतीत. कवी-इतिहासकार इसामी याचे कुटुंब या स्थलांतरात निघाले. त्याचा नव्वदीचा आजोबा दिल्लीबाहेरच्या पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे वारला. त्या वृद्धाला कोणी विचारले नव्हते. थोड्याच वर्षांत सुलतानाने लोकांना परतण्याची मुभा दिली.

१४/ गंमत अशी की जे परतले नाहीत त्यांनी इतिहास घडवला. खुलताबादेस बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन यांच्या कबरी आहेत. १३४७ मध्ये दौलताबादेतच बहमनी राज्य उभे राहिले. म्हणून 'नवे नगर म्हणजे तुघलकी वेडेपणा' हा आक्षेप अर्धवट आहे. दौलताबादेचा धडा वेगळा आहे: हुकमाने माणसे हलतात, हुकमाने ती टिकत नाहीत.

१५/ उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली, ती गुळाच्या व्यापारपेठेसाठी. पुढे १९१७ मध्ये पित्याच्या नावे जयसिंगपूर वसवले, ते मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर. चौकटीत आखलेले सरळ रस्ते तेथे आहेतच; परंतु त्या रस्त्यांच्या आधी आगगाडी होती आणि परिसरातला शेतमाल होता. नियोजन तेथे चालत्या व्यवहाराच्या मागून आले आणि म्हणून कामी आले.

१६/ स्वातंत्र्योत्तर काळातला सर्वांत मोठा प्रयोग नवी मुंबईचा. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. कल्पनेचा कणा असा होता की कामाची ठिकाणे पलीकडे न्यावीत, त्यांच्यामागून माणसे जातील. राज्य सरकारने आपली कचेरी हलवून पहिले पाऊल टाकावे, अशी अपेक्षा होती.

१७/ मंत्रालय हलले नाही. ते आजही दक्षिण मुंबईत आहे. त्याच वर्षांत शेजारी नरिमन पॉइंटला समुद्रात भर घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. लोकांनी पलीकडे जावे असे सांगणारे शासन स्वतः अलीकडेच बसले. वाशीपर्यंत उपनगरी रेल्वे पोहोचली १९९२ मध्ये. सिडकोच्या स्थापनेनंतर २२ वर्षांनी. आरंभी गेलेल्या कुटुंबांच्या मुलांचे सगळे शिक्षण एवढ्या काळात उरकले.

१८/ शहरात जीव आला तो घाऊक बाजार वाशी-तुर्भ्यास हलल्यावर, माथाडी कामगार पाठोपाठ आल्यावर आणि रेल्वे धावू लागल्यावर. म्हणजे पुन्हा बाजार, काम आणि वाट. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर गेली. मुंबईत खुराड्यात राहावे लागले असते अशा असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांना तेथे उजेडाचे, वाऱ्याचे घर मिळाले. हे यश नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

१९/ मात्र त्या यशाखाली ९५ गावे आहेत. आगरी, कोळी आणि इतर शेतकऱ्यांच्या जमिनी, मिठागरे, खाडीतली मासेमारी. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात आंदोलन पेटले. गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्या रक्तानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व शासनाने स्वीकारले. जे कौलाच्या पहिल्या कलमात असायला हवे होते, ते पाच मृत्यूंनंतर मिळाले.

२०/ आता पुन्हा नागपूर. १९३६च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास आला. शहराची वाढ आखीव व्हावी हा त्याचा हेतू. तरीही शहराच्या पूर्व आणि दक्षिण भागांत शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेले ले-आउट पसरत गेले. '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' हे शब्द नागपूरकरांना वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

२१/ तेथे राहायला गेलेला माणूस कोण होता? गिरणीतला कामगार, रेल्वेतला कर्मचारी, खेड्यातून आलेला शिक्षक. त्याने प्लॉटचे पैसे भरले, घर बांधले, चिखल तुडवला, विहिरीवर आणि टँकरवर दिवस काढले. मग २००१चा गुंठेवारी कायदा आला आणि त्याने विकास शुल्क भरून नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे बोलीतले 'आरएल', मिळवण्यासाठी खेटे घातले. इस्ताव्याची ही नेमकी उलटी बाजू: आधी पूर्ण वसुली, मग हळूहळू सोय.

२२/ मिहानची कथा ताजी आहे. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही गावे प्रकल्पाच्या कक्षेत आली. रोजगाराची मोठी स्वप्ने दाखवली गेली. अनेक कंपन्यांनी भूखंड घेतले आणि वर्षानुवर्षे वीट रचली नाही. शिवणगावच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ लोंबकळत राहिला. खापरीपर्यंत मेट्रो धावली ती मार्च २०१९ मध्ये, १७ वर्षांनी.

२३/ आज तेथे माहिती-तंत्रज्ञान कंपन्या आहेत, एम्स आहे, आयआयएमचे संकुल आहे. रुग्णालय आले तसे औषधाचे दुकान आले, खाणावळ आली, भाड्याच्या खोल्या आल्या. मिहान 'फसले' असे म्हणणारेही चुकतात आणि 'पाहा, शेवटी झालेच ना' असे म्हणणारेही चुकतात. 'शेवटी' या शब्दात ज्यांची कमावती वर्षे गेली, त्यांचा हिशेब कोणत्याच फलकावर लिहिलेला नाही.

२४/ मग कुटुंबाने नव्या नगरात जावे की जाऊ नये? लाभ खरे आहेत: रुंद रस्ते, भूमिगत गटारे, निर्वेध मालकीहक्क, उद्यानांसाठी राखलेली जागा, आणि आरंभी घेतल्यास परवडणारा दर. जुन्या वस्तीत वारशाने आलेली जात-ओळख नव्या ठिकाणी थोडी सैल होते, हाही लहान लाभ नाही. शहराकडे जाण्याचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आग्रह आठवावा.

२५/ तोटेही तितकेच खरे. हप्ता नव्या घराचा आणि भाडे जुन्या घराचे, असा दुहेरी भार. नोकरी जुन्या शहरात, म्हणून रोजची ये-जा. बस नसेल तर गाडी असलेला बाहेर पडतो आणि घरातली बाई, म्हातारी माणसे व मुले अडकून पडतात. इतवारीत उधारी देणारा वाणी असतो, हाक मारताच येणारा शेजारी असतो. हे भांडवल सामानाच्या टेम्पोत भरून नेता येत नाही.

२६/ शेजारच्या छत्तीसगडने हे अनुभवले. नव्या रायपुरात मंत्रालय २०१२ मध्ये हलले. सरकारने तेथे स्वतः जाऊन दाखवले, हे मुंबईपेक्षा बरे. तरी पुढची कित्येक वर्षे कर्मचारी जुन्या रायपुरातून बसने येत आणि संध्याकाळी परतत; रात्री रुंद रस्ते दिव्यांसह रिकामे. कचेरी आली, पण शाळा, बाजार आणि शेजार आला नाही, तर काम दिवसाचे पाहुणे आणते, रहिवासी आणत नाही.

२७/ आता नव्या नागपूरच्या दोन मौजांच्या नावांतला कंस पाहावा: (रिठी). विदर्भाच्या महसुली भाषेत रिठी म्हणजे जेथे वस्ती उरलेली नाही असे गाव. कागद वाचणाऱ्याला वाटते, जागा रिकामी आहे, उठवायचे कोणालाच नाही. पण गावठाण ओस पडले म्हणून शिवार ओस पडत नाही. शेजारच्या गावांतले शेतकरी ती जमीन कसतात, मजूर तेथे निंदणी-वेचणी करतात. रिठी गावात घरे नसतात. सात-बारे कोरे नसतात.

२८/ २०१३च्या भूसंपादन कायद्याने जमिनीवर उपजीविका असलेल्या भूमिहीन कुटुंबालाही 'बाधित' मानले. संमतीच्या थेट खरेदीत मात्र व्यवहार प्रामुख्याने सात-बारावरील नावाशी होतो. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याची संमती विचारण्याचा प्रसंगच येत नाही. तिलपतच्या मुक्कामी वारलेल्या वृद्धाची आणि या मजुराची स्थिती एवढ्यापुरती एकच आहे.

२९/ प्रकल्पाच्या समर्थकांचा सर्वांत बळकट युक्तिवाद असा: माणसे नसतील तर बस कोणासाठी सोडायची? विद्यार्थी नसतील तर शाळा कशी चालवायची? सोयींना लोकसंख्या लागते. युक्तिवाद खरा आहे. परंतु त्याचा अर्थ एवढाच की आरंभीची काही वर्षे तोटा होणार. प्रश्न तो कोणी सोसायचा हा आहे. हप्ता भरणाऱ्या कुटुंबापेक्षा कोट्यवधींचे कर्ज उभारू शकणारे शासन तो अधिक सहज सोसू शकते. इस्ताव्यामागचा विचार दुसरा कोणता होता?

३०/ दुसरा युक्तिवाद: जुने नागपूर कोंडले आहे, ते सुधारण्यापलीकडे गेले. हाही जुनाच. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅट्रिक गेडिस भारतातल्या शहरांचे आराखडे करत हिंडले; नागपूरही त्यांत होते. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. मोजका छेद घ्यावा, विहिरी-तलाव जपावेत, जुन्या वस्तीत मोकळी जागा शोधावी, असा त्यांचा आग्रह. नवे नगर हे महाल-इतवारीची गटारे न दुरुस्त करण्याची सबब होऊ नये.

३१/ म्हणून नव्या नागपूरकडे मागायचा तो कौल. पहिले कलम: पाणी, रस्ता, नियमित बस, शाळा आणि दवाखाना आधी; घराचा ताबा नंतर. दुसरे: कोणती सरकारी कार्यालये कोणत्या तारखेला तेथे जाणार, हे लेखी. तिसरे: मालमत्ता कर आणि शुल्क इस्ताव्याप्रमाणे, सोय पोहोचेल तसे चढते.

३२/ चौथे कलम: जमीन देणाऱ्याला विकसित भूखंडाचा वाटा आणि कसणाऱ्या भूमिहीनाला नव्या नगरात पक्के घर, आंदोलनाची वाट न पाहता. पाचवे: जो भूखंड घेऊन ठरल्या मुदतीत बांधकाम करणार नाही, त्याच्याकडून तो परत. सहावे: मुदत टळल्यास शासनाने रहिवाशाला भरपाई द्यावी. यातले एकही कलम अशक्य नाही. प्रत्येकाचे बीज इथल्याच इतिहासात आहे.

३३/ नव्या नगराचे रंगीत पत्रक हाती येईल, तेव्हा त्यातले तळे, कारंजे आणि झाडांची रांग क्षणभर बाजूला ठेवावी आणि तारखा शोधाव्यात. नळाला पाणी कधी, पहिली बस कधी, शाळेची पहिली घंटा कधी, आणि तारीख चुकल्यास दंड कोणाला. तारखा सापडल्या, तर जाण्याचा विचार जरूर करावा. न सापडल्यास एवढे समजावे की बोलावणे आले आहे, कौल आलेला नाही.

(धागा समाप्त)